चावी खिळ्यालाच होती

आमच्याकडे गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. त्या दुपारीही होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर अकोल्याच्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने मला एकच विचारलं, गाडी चालू राहिली होती का? नव्हती. सकाळपासून बंद होती, आणि त्या बंद गाडीने पेट घेतला.

गाडी म्हणजे जुना डबल केबिनचा पिकअप ट्रक. आमच्या ह्यांनी तो एका कंत्राटदाराकडून घेतला, अंजनगाव सुर्जीहून केळी आणायला. त्याला क्रूझ कंट्रोल होतं. बटण दाबलं की गाडी ठरलेल्या वेगाने आपली आपण धावते, पाय द्यावा लागत नाही. ह्यांना त्याचं भारी कौतुक, येईल त्या पाहुण्याला बटण दाखवायचे. वापरलं मात्र एकदाही नाही. आमच्या रस्त्यांवर खड्डे आणि म्हशी चुकवताना कुणाचा पाय रिकामा असतो?

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीभर दुपारची झोप डेपोत उभ्या गाडीतच काढलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर पलंगावर त्यांचा डोळाच लागेना. त्यात माझ्या शिकवण्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि परीक्षेच्या दिवसांत दुपारी आमच्या बैठकीत मुलींचा कलकलाट असतो. एकदा मीच म्हटलं, मामाजी, गाडीत झोपून पाहा. कडुनिंबाची सावली, मागची लांब सीट, दोन्हीकडच्या काचा खाली. पहिल्याच दिवशी घोरले. तेव्हापासून तीच त्यांची झोपायची जागा झाली.

दिवाळीनंतर गाडीचे ब्रेकचे लाल दिवे एकाएकी लागेनासे झाले. फ्यूज उडाला होता. ह्यांनी नवा टाकला. आठवड्याभरात तोही उडाला. तेव्हा मामाजी म्हणाले होते की घडीघडी फ्यूज उडतो म्हणजे गाडीला कुठंतरी दुखतंय, मेकॅनिकला दाखवा. मी हसून म्हटलं, ही तुमची एसटी नव्हे, मामाजी.

तिसऱ्यांदा उडाला तो रविवार होता. दुकानं बंद, अंजनगावात केळी भरणारी माणसं खोळंबलेली, आणि हे बोनेट उघडून चिडचिड करत उभे. मी आत गेले, जुन्या इस्त्रीच्या वायरीतून तांब्याच्या चार-पाच तारा सोलल्या, पिळून एक केली आणि फ्यूजच्या जागी बसवून दिली. घरातला फ्यूज गेला की मीच तर तार बांधते, सगळ्या गल्लीत असंच करतात. दिवे लागले. हे म्हणाले, मास्तरीण शोभतेस खरी. मी फुलून गेले.

मुलांना मी दर वर्षी शिकवते की फ्यूजची तार मुद्दाम नाजूक ठेवतात, बिघाड झाला की आधी तिने वितळावं म्हणून. फळ्यावर आकृती काढते, त्यावर प्रश्नही विचारते. त्या आकृतीचा आमच्या बोनेटशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अजूनही मला हे खरं वाटत नाही.

मार्चमधली दुपार होती. मुलींना गणितं घातली होती. जळक्या प्लास्टिकचा वास आला, तेव्हा कुणीतरी कचरा पेटवला असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली. होय, खिडकी लावली! मग हॉर्न वाजायला लागला, आणि थांबेचना. कोण हा बेशरम म्हणून दोन शब्द सुनवायला मी तणतणत दार उघडलं.

बोनेटच्या फटीतून काळा धूर निघत होता आणि खाली डांबरावर जळते थेंब पडत होते. स्टिअरिंगशी कुणीच नव्हतं, हॉर्न आपोआप ओरडत होता. मागच्या खिडकीत मामाजींचे पाय दिसले.

मी दार ओढलं आणि त्यांना पायांनीच बाहेर खेचलं. इंजिनाशेजारी जन्म गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला आणि विचारलं, "चा झाला का?"

पाठोपाठ समोरची काच फुटली. शेजाऱ्यांनी वाळू टाकली, पाणी टाकलं, पण केबिन वाचलं नाही. मागच्या सीटची नुसती स्प्रिंगं उरली. मामाजी ओट्यावर बसून त्या स्प्रिंगांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने समजावलं की ब्रेकच्या तेलाशी जोडलेलं अंगठ्याएवढं एक स्विच असतं. ब्रेक दाबला की क्रूझ बंद करायचं, एवढंच त्याचं काम. क्रूझ वापरा, नका वापरू, ह्या गाडीत चावी काढली तरी त्या स्विचात वीज असायचीच, ब्रेकच्या दिव्यांच्याच फ्यूजमधून. आतला पातळ पडदा वर्षांनी फाटतो, ब्रेकचं तेल विजेच्या बाजूला झिरपतं आणि स्विच तापत जातं. मग त्याने फ्यूजची पेटी उघडली. पेटी वितळून काळी झाली होती. माझी तार शाबूत होती. ही तार कुणी टाकली, असं त्याने विचारलं. हे चटकन "मी" म्हणाले.

मला ते सहन झालं नाही. मेकॅनिक गेल्यावर मी मामाजींसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "ती तार मी टाकली होती."

"मालूम आहे," ते म्हणाले. "मी ओट्यावरून पाहून राहिलो होतो."

"मग तरी तिथंच झोपत होते तुम्ही?"

"तू शिकलेली बाई. मले वाटलं, तुनं बांधली म्हणजे पक्की बांधली असन. म्हणून त झोपत होतो."

ते हे रागाने म्हणाले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.