कोवळ्या पानाचा हेवा

थोरली जाऊ एका बागेत पंधरा वर्षं माळीकाम करत होती. धाकटीला तिनेच तिथे चिकटवलं, आणि सहा महिन्यांत तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

मालकीणबाईंनी फुलपाखरांसाठी काचघर बांधलं, तेव्हा दोघींना लिंबाच्या दहा-दहा कुंड्या दिल्या. फुलपाखरांनी त्यांवर अंडी घालायची आणि दोघींनी ती रोज मोजून सांगायची. थोरलीच्या कुंड्या बघत राहाव्यात अशा होत्या. पानं ओल्या फडक्याने पुसलेली, झाडं कातरून गोल केलेली. धाकटीची झाडं मात्र विस्कटलेल्या केसांसारखी कशीही वाढलेली.

आणि अंडी सगळी धाकटीकडे. कधी चाळीस, कधी पन्नास. थोरलीकडे दोन, नाहीतर तीन.

"हिच्या हाताला गुण आहे," मालकीणबाई म्हणाल्या. थोरली हसली, पण आतून जळून खाक झाली. घरीही तेच चालायचं. सासूबाईंना चहा धाकटीच्या हातचा हवा, मुलांना गोष्ट काकूकडूनच ऐकायची. आता किड्यांनीही तिचीच बाजू घ्यावी?

एका दुपारी धाकटी डबा खायला गेली. थोरली तिच्या कुंडीपाशी वाकली. पानाखाली अंडी होती, खसखशीच्या दाण्याहून जरा मोठी, फिकट पिवळी. तिने अंगठा फिरवला. एक पान, मग दुसरं. अकरा अंडी गेली.

तेवढ्यात फुलपाखराची एक मादी तिच्या डोक्यावरून गेली आणि थोरलीच्या कुंड्यांवर उतरली. फुलपाखराने पुढचे पाय पानावर टपटप आपटले, जणू चव घेतली, आणि उडालं. दुसरं पान, तिसरं पान, तेच. मग ते सरळ धाकटीच्या झाडाकडे गेलं, शेंड्याच्या पोपटी, लवलवत्या कोंबावर बसलं, पोट वाकवून एक अंडं चिकटवलं आणि निघून गेलं.

थोरली आपल्या झाडांकडे बघत राहिली. पानं सगळी जून, गडद. कोवळा कोंब एकही नव्हता. असणार कुठून? दर चार दिवसांनी ती कात्रीने उडवत होती. अंड्यांतून निघणाऱ्या पोरांनी काय चावायचं, हे ती मादी आधीच बघत होती.

धाकटी परत आली, मोजू लागली. "ताई, सकाळपेक्षा कमी कशी?"

"मी पुसली."

धाकटीने एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, "माझा राग आहे का तुम्हाला?"

"आहे."

"मलाही तुमचा आहे. तुमच्या कुंड्या बघून लाज वाटायची. मला छाटता येत नाही, म्हणून तशीच सोडली झाडं. आणि वर बाई माझं कौतुक करणार."

"बाईंना सांग हवं तर," थोरली म्हणाली.

"अकराने काय होतंय," धाकटी म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली.

थोरलीने छाटणी थांबवली. तीन आठवड्यांत कोंब फुटले आणि एका सकाळी पहिल्याच झाडावर सात अंडी सापडली. तिला आनंद झाला. पण तो पुरता होण्याआधीच ती पलीकडे वळून म्हणाली, "तुझ्याकडे किती?"

"एकोणतीस," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान डोलावली आणि पुढच्या झाडाची पानं उलटायला घेतली.