नापास मुलीचं नाटक

आमच्या विश्रांतवाडीच्या शाळेत नाटक बसवणाऱ्या बाई कुणालाही 'छान' म्हणत नाहीत. प्रवेश चांगला झाला की 'बरं, पुढे' म्हणतात आणि उभ्यानेच चहा पितात. मी तिथे गणित शिकवतो. दरवर्षी स्नेहसंमेलनात पऱ्या आणि राक्षस असतात. यंदा बाईंनी दहावीच्या मुलांसाठी नापास झाल्यावर जीव द्यायला निघालेल्या मुलीचं नाटक निवडलं. मला धाकधूक वाटली. मुलं नापास होतात ती बहुतेक माझ्याच विषयात.

मुख्य काम करणाऱ्या मुलीचे वडील एकदा तालमीतच येऊन उभे राहिले.

"मुलांच्या डोक्यात नको ते भरू नका," ते म्हणाले.

"अहो, ते आधीच तिथे आहे. आपण त्याबद्दल बोलत नाही, एवढंच," बाई म्हणाल्या. "बसा. वडिलांचं काम करणारा मुलगा आज आला नाही. तेवढी वाक्यं वाचाल?"

ते घुश्शातच वाचू लागले. "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!" हे वाक्य त्यांनी चांगलं ठणकावून म्हटलं. नाटकात होतं तसंच त्यांची मुलगी हळू आवाजात "बरं, बाबा" म्हणाली आणि दाराकडे वळली.

कागद हातात धरून ते तसेच बसून राहिले.

"पुढे काय होतं गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बाबा शोधत येतात. पण तो प्रवेश अजून नीट बसत नाही."

"मग तोच करू," म्हणत ते खुर्ची मागे सारून उभे राहिले.