आई सीरियस

एसी दुरुस्तीच्या धंद्यात किस्से फिल्टरमधल्या धुळीसारखे जमतात. झटकले की महिन्यात पुन्हा तेवढेच. ओमानमधल्या अझैब्यातल्या आमच्या कंपनीत तर ते हल्ली कॉम्प्युटरच तयार करतो.

आमच्या मॅनेजर गोखल्यांनी आधी ऑटोमेशन आणलं. कुठलाही अर्ज आपोआप पुढे सरकणार. ते रजेवर असले की माझ्याकडे, मी रजेवर असलो की त्यांच्याकडे. एकदा दोघं एकदमच गेलो. ऐन जूनमध्ये ऑफिसचाच एसी बंद पडला आणि त्याची तक्रार आमच्या दोघांत टेनिस खेळत राहिली. परत आलो तर अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेले!

*

रजेचाही नियम होता. अर्जात ‘आई सीरियस’ दिसलं की लगेच मंजूर. ही बातमी चहा गार व्हायच्या आत पसरली. दापोलीच्या रशीदभाईंनी तर व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईला रुस्ताकचा किल्ला दाखवायला न्यायचं म्हणून ‘आई सीरियस’ टाकलं. आई शेजारच्या सीटवर खजूर खात होती.

शुक्रवार-शनिवार सुट्टी. अर्बाबनी एकदा विचारलंच, “भारतातल्या आया गुरुवारीच का आजारी पडतात?”

*

मग एआय आलं. गोखल्यांनी फरक समजावला. ऑटोमेशन सांगितलं तेवढंच करतं, एआय स्वतः विचार करतं.

“मग तू काय करणार?” अर्बाबनी शांतपणे विचारलं.

*

गुहागरच्या सावंतला लेकीच्या साखरपुड्याला जायचं होतं. एकुलती एक लेक. बिचाऱ्याने खरं ते लिहिलं. एआयने जुने सगळे अर्ज वाचले, विचार केला आणि कळवलं, ‘या कंपनीत रजा आईच्या आजारपणासाठी घेतात. साखरपुडा व्हिडिओ कॉलवर बघता येईल. अभिनंदन!’

सावंतने मुकाट्याने दुसरा अर्ज टाकला. आई सीरियस.

गोखले खुलले. आता एआय स्वतः घरी फोन करून खात्री करेल म्हणाले, आणि अर्बाबसमोर स्पीकर लावला. सावंतचा चेहरा पांढराफटक. आईला त्याने काहीच सांगून ठेवलं नव्हतं.

तिकडे फोन उचलला गेला. एआयने गोड मराठीत सांगितलं, सावंतांनी रजा मागितली आहे, त्यांच्या आईंची तब्येत कशी आहे?



“ती कालच गेली,” म्हातारी म्हणाली. “पोराला लवकर धाडा.”

“आपण कोण बोलताय?”

“मीच त्याची आई.”

एआयने विचार केला. “ऐकून फार वाईट वाटलं. आपल्या आत्म्यास शांती लाभो. मुलाची रजा मंजूर झाली आहे.”

“आता जरा बरं वाटलं हो,” म्हातारी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.