एसीचा बेल्ट

चार वर्षं मी तुमच्या सगळ्यांशी खोटं बोलतेय.

आज तिथीने भाऊला जाऊन चार वर्षं झाली. परवा आखाजी, अक्षय्य तृतीया.

सकाळपासून आपल्या घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय. खाली कमेंट्स. "देवमाणूस, पण हट्टी." "ज्याचं काम त्याला करू द्यायचं होतं." "एक दिवस थांबला असता तर..."

फार शहाणे आहात सगळे. मीही दरवर्षी खाली हात जोडलेला इमोजी टाकते आणि गप्प बसते.

भाऊ म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. जळगावला पिंप्राळ्यात राहायचा, कॉलेजात लॅब असिस्टंट होता. मी धुळ्याला दिलेली.

आमच्याकडे आखाजीला लेक आपली आपण माहेरी जात नाही. न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. मुऱ्हाळी. तो येईपर्यंत सासरच्या दारात लेकीचे डोळे रस्त्याला लागलेले असतात.

तो गेला त्याच्या आदल्या वर्षी भाऊ मला न्यायला एसटीने आला होता. उभ्याने. शर्ट पाठीला चिकटलेला.

माझी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, भावाला आधी पंख्याखाली तरी बसव. पार भिजलाय." तिचे भाऊ मोठ्या गाडीतून आले होते. सगळे हसले. भाऊही हसला.

मला मात्र त्याचाच राग आला. परतीच्या एसटीत मी त्याला सुनावलं, "पुढच्या वर्षी गाडी घेऊन ये. नाहीतर येऊच नको."

त्याने घेतली. सेकंडहँड, पांढरी. एसी लावलेला फोटो पाठवला होता मला. एसीचा फोटो कोण पाठवतं?

आणि मला न्यायला निघायच्या दिवशीच गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता.

ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला, तर तो स्वतःच्या बहिणीला आणायला गेलेला. दुसऱ्याच्या गॅरेजला कुलूप. आखाजीच्या तोंडावर आमच्याकडे सगळेच कुणाचे ना कुणाचे भाऊ असतात.

मग भाऊने दुकानातून अल्टरनेटर आणला, गाडी ढकलत घरासमोर आणली आणि स्वतःच बॉनेट उघडलं. अंगणात झाड नाही की पत्रा नाही. वर जळगावचं ऊन.

अकराला व्हिडिओ कॉल आला. हात कोपरापर्यंत काळे.

"बाई, येडा शे मी. एसीना बेल्ट पहिले चढाडी दिना, अल्टरनेटरना मागे राही गया. आते बठ्ठं परत काढनं पडी."

त्या इंजिनला दोन बेल्ट होते. आतला अल्टरनेटरचा, बाहेरचा एसीचा. बाहेरचा आधी बसवला की आतल्याला वाट नाही. तो स्वतःवरच हसत होता. मी हसले नाही. माझी जाऊ तोपर्यंत माहेरी पोहोचली होती.

साडेबाराला परत फोन.

"बाई, तो लाल दिवा बंद व्हई गया! गाडी एकदम मस्त चालस. एसीना बेल्ट तेवढा बाकी शे. तेना बोल्ट आते जाम व्हई गया, गाडीखाले झोपीसन काढना पडी. ऊन भलतं शे. एसी बिगर चालई ना तुले?"

राग आला की मी भावाशीसुद्धा शुद्ध मराठीत बोलते.

मी म्हणाले, "घामाघूम होऊन येणार असशील तर कशाला गाडी घेतलीस? परत माझं हसं करायचंय का? एसीशिवाय यायचं असेल तर येऊ नकोस."



"बरं बाई. बसाडस बेल्ट. तू पिशवी भरी ठेव."

मी फोन ठेवला आणि पिशवी भरली. साड्यांच्या घड्या घालत होते मी. तो तापलेल्या फरशीवर पाठ टेकून बोल्ट ढिला करत होता.

तीनला वहिनी ताक घेऊन बाहेर आली, तर तो गाडीशेजारी पडलेला. अंग नुसतं भाजत होतं. शुद्ध नव्हती.

बेल्ट बसलेला होता.

त्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. शेजाऱ्यांनी चालवली. वहिनी सांगते, एसी इतका गार होता की तिचे हात गारठले. त्याचं अंग काही गार झालं नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, उशीर झाला.

मी एसटीने आले. एकटी. न्यायला कोणी आलं नाही.

वहिनीने माझे दोन्ही हात धरून विचारलं, "गाडी तर साडेबारालाच चालू झाली होती गं. मग एसीचं कुणी सांगितलं होतं यांना?"

मी म्हणाले, "माहीत नाही वहिनी. हट्टी होता ना तो."

तो शब्द माझा आहे. तुम्ही सगळे चार वर्षं तोच वापरताय. तो कधीच हट्टी नव्हता. हट्टी असता तर माझं ऐकलं नसतं.

आणि वहिनी, तू. भाऊ नाही म्हणून माझी आखाजी चुकू नये, म्हणून दरवर्षी तू स्वतः एसटीने मला न्यायला येतेस. उद्याही निघशील. मला एसटीत खिडकीजवळची, वाऱ्याची जागा देतेस, आणि मी त्या जागेवर बसते.

एसीचं मी सांगितलं होतं.

उद्या निघायच्या आधी हे वाच. वाचून यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मी दारात उभी राहणार नाही.

भाऊ, चुकले रे. तुला माझा नमस्कार.