मास्तरांकडून पाठवलेला घोडा

माझ्या बायकोला माझी एकूण एक खोड ठाऊक होती. ही गोष्ट मात्र मी तिच्याही कानावर पडू दिली नाही. ती गेली. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका. बुद्धिबळाच्या एका डावाची गोष्ट आहे. हसाल कदाचित.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. अमरावतीच्या आमच्या वाचनालयात संध्याकाळी पाच-सहा जण बुद्धिबळ खेळायला जमायचे. अकोल्यातही असाच एक कंपू होता. दोन्ही गावांनी मिळून एकच डाव खेळायचा, ही टूम माझी. एक पट आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. आमची खेळी आम्ही हात वर करून ठरवायची, अकोल्याला कळवायची, त्यांनी ती त्यांच्या पटावर मांडून उलट उत्तर द्यायचं. पोस्टकार्डांनी सुरुवात केली, पण एकेका खेळीला आठवडा जाऊ लागला. मग मी मास्तरांना गाठलं.

मास्तर आमच्या इथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि राहायचे अकोल्याला. रोज रेल्वेनं अप-डाऊन. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण अर्ध्या गावाचे निरोप ते नेत. लेकीला डिंकाचे लाडू पोचले का विचारा, व्याह्यांना सांगा यंदा लग्न नको — सगळं तोंडी. कोणी चिठ्ठी पुढे केली की भडकायचे. "चिठ्ठी काहून? माह्या तोंडाचा भरोसा नाही काय?" जिभेला हाड नसतं म्हणतात, या माणसाच्या होतं. गावात त्यांना जो मान होता तो एवढ्यावरच. नाहीतर त्यांच्याकडे दुसरं होतं काय? एक छत्री आणि रंगांचा डबा.

शाळा सुटली की ते वाचनालयात येत, अकोल्याची खेळी सांगत आणि स्टेशनावर जात. आमचा काथ्याकूट संपला की मी सायकल हाणत जाऊन आमची खेळी त्यांना डब्याच्या खिडकीतून सांगायचो.

त्या दिवशी डाव अडला होता. मी म्हटलं, घोडा पुढे घाला. आमच्यातले वडीलधारे वकीलसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, तुमी चहापाण्याचं पाहा. डोकं आमी लावतो." सगळे हसले. ठरलं काय, तर राजाच्या बाजूचं प्यादं एक घर पुढे. घोड्यासाठी वर गेलेला हात एकट्या माझा.

राग आला होता — पण रागाचं निमित्त नको. स्टेशनावर पोचेपर्यंत तो उतरलाही होता. थंड डोक्यानं, खिडकीशी उभं राहून मी मास्तरांना सांगितलं, घोडा. त्यांनी नेहमीसारखं घोकून दाखवलं. "घोडा. वजिरापुढच्या घरात. गेलं समजा." परतताना मी शीळ घालत होतो. उद्या अकोलेकर कात्रीत सापडतील, मग मी हसत हसत सांगेन, मंडळी, ही खेळी या चहापाणीवाल्याची!

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. छत्री कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "त्यायच्या उंटानं तुमचा घोडा मारला. वरून राजाले शह."

आमच्या पटावर तो घोडा आपल्या घरात मजेत बसला होता. उंटाची त्याच्यावर नजरही नव्हती. "कोन्ता घोडा, बाप्पा?" वकीलसाहेब म्हणाले. मला मात्र आता तो उंट दिसला — कोपऱ्यातला, पोरालाही दिसला असता असा. वकीलसाहेब वळले. "भाऊ, तुमी मास्तरले काय सांगितलं होतं?"

काय बिघडलं असतं हो? चार दिवस माझी टर उडवली असती, बस. मी म्हणालो, "ठरलं तेच. प्यादं."

माझाच आवाज ऐकून मी दचकलो. इतका स्वच्छ! खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात ना? मी अडखळलो नाही.

पण खरा धक्का पुढे बसला. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. आता ओरडतील, मग मी काय म्हणायचं, तेही मी जुळवून ठेवलं होतं. ते ओरडले नाहीत. नुसते ओठ हलले. मग हळूच म्हणाले, "मंग माह्याच तोंडातून भलतं गेलं असन. भाऊ कायले खोटं बोलतीन?"

तुम्हाला वाटेल, ते मला सांभाळून घेत होते. मलाही आधी तसंच वाटलं. नाही हो. त्यांनी स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. मी सुन्न होऊन बसून राहिलो — आणि गप्प राहिलो.

अकोलेकर खेळी परत द्यायला तयार नव्हते. चार-सहा खेळ्यांत आम्ही हरलो. ते सोडा. प्याद्याचा घोडा करणारा मास्तर — हा किस्सा वकीलसाहेबांनी कोर्टात सांगितला आणि तिथून तो गावभर झाला. लोक चिठ्ठ्या देऊ लागले. "तसं नाही मास्तर, पण लिहिलेलं बरं." मास्तर भडकले नाहीत. एकेक चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवत गेले. मी हे रोज बघत होतो.

पुढे माझी आई मोठ्या आजारातून उठली. बहीण अकोल्याला दिलेली, तिचा जीव टांगणीला. मी मुद्दाम स्टेशनावर मास्तरांकडेच गेलो. तोंडी निरोप देऊ म्हटलं — काय समजत होतो मी, तेवढ्यानं फिटेल? "आई बरी आहे, एवढंच सांगा," म्हणालो.

मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "चिठ्ठी द्या, भाऊ."

"अहो, तीन शब्द तर आहेत."

"असू द्या. मी भलतंच सांगून बसीन तिले. आईचं काम आहे."

गार्डानं शिटी दिली. हात तसाच पुढे. तेव्हाही सांगता आलं असतं. मी खिशातून पेन काढलं, 'आई बरी आहे' लिहिलं आणि कागद त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून म्हणाले, "हां. आता बरोबर पोचन."

गाडी हलली. मी हातही हलवला.