भीमेपलीकडची भाकरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्या खोकण्यावरून पोटातलं ओळखायची.

एसटी नवी होती तेव्हाची गोष्ट. बारामतीच्या एका लहानशा चर्चचा मी सुवार्तिक. आवाज खणखणीत, ठासून सांगायचो, ज्यांच्या कानी येशूचं नाव पडलं नाही ते बुडाले! आणि मला धाडलं कुठं? इंदापूरच्याही पुढं, भीमेपलीकडच्या वस्तीवर. तिथं कुठलाच मिशनरी कधी पोचला नव्हता. काठापर्यंत मी जायचो — पण पुढं?

पुढं काहील. ज्या कढईत गूळ शिजवतात ना, तीच पाण्यात टाकायची आणि तिच्यात बसायचं. ती गरगर फिरते हो! मला पोहता येत नव्हतं. पलीकडून भिवाआबा नावाचे म्हातारे हाळी द्यायचे, "मास्तर, काहील आनू का?" मी हात हलवून ओरडायचो, नको! आज कणकण आहे, पुढच्या खेपेला येतो! आणि चर्चमध्ये सांगायचो — पलीकडं सुवार्ता दिली, लोकांनी मन लावून ऐकली.

म्हणजे बघा — माझ्याच शिकवणीप्रमाणं मी आबांना बुडवत होतो. मी मात्र कोरडा.

एका खेपेला हाळी आलीच नाही. आबांची सून गोदा काहील घेऊन अलीकडं आली. "मास्तर, मामंजी गेलं. लई वाट बघितली तुमची."

त्या दिवशी बसलो काहिलीत. लाज भीतीपेक्षा मोठी झाली होती.

आबांच्या खोपटात महारोगानं बोटं झडलेला एक वाटसरू बसला होता. गोदानं भाकरी कुस्करून त्याला घास भरवला. "मामंजी रोज तुमची भाकरी काढून ठिवायचं," ती म्हणाली. "तुमी न्हाय आला, की दारात यील त्येला. ह्येला तर सोताच्या हातानं भरवायचं."

पिशवीतलं शुभवर्तमान मी उघडलंच नाही. भुकेल्याला दिलेला घास प्रभूच्या मुखी पडतो, हे मीच कितीदा शिकवलं होतं? प्रभू माझ्या आधीच नदी ओलांडून आला होता, आबांच्या हातचं जेवत होता. कुणी न सांगता म्हातारा तरला होता! मला आनंदानं रडू फुटलं. परतताना काहील गरगरली, तरी मी मोकळ्या गळ्यानं गात होतो.

रविवारी चर्चमध्ये उभा राहून ओरडलो — भिवाआबा तरले! सगळे उठले, टाळ्या, हालेलूया! त्यांना वाटलं, मी तारलं. पाळकसाहेब झेंडूचा हार घेऊन पुढं आले.

एकच वाक्य बोलायचं होतं. बोललो? नाही. हार नीट बसावा म्हणून मान वाकवली.

आबा तरले, हे आजही छाती ठोकून सांगेन. हार मात्र मी घरी नेला. बायकोनं तो कौतुकानं दाराला बांधला, आणि वाळून गळेपर्यंत मी त्याच्याखालून ये-जा करत राहिलो.