रेडिओवर वाजलेलं पाणी

आज कुलरला नवा वाळा लावला. पहिली ओली झुळूक आली आणि आमच्या लहानशा रेडिओ केंद्राचा स्टुडिओ आठवला.

मी तिथे नवखी निवेदक होते. कार्यक्रम थेट जायचा. कुलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून नागपूरच्या भर उन्हाळ्यातही तो बंद ठेवावा लागे. त्या दिवशी पाहुण्या होत्या सीताबर्डीत पाणपोई चालवणाऱ्या शांताबाई. येताना वाळ्याच्या पाण्याची कळशीच घेऊन आल्या होत्या.

“पाणपोई का सुरू केलीत?” मी विचारलं, आणि बोलता बोलता माझाच घसा कोरडा पडून आवाज बसला. उत्तर सोडून त्या उठल्या.

“आधी पाणी पी वं पोरी. तुहा प्रश्न कुठी पळून नाही चालला.”

पेल्यात पडणारं पाणी, माझं घटाघटा पिणं, सगळं लोकांनी ऐकलं. तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. आज वाटतं, त्याहून चांगली मुलाखत मी कधी घेतलीच नाही.

मी पेला खाली ठेवला तोच कार्यक्रमात इतवारीतल्या एका दुकानदाराचा फोन आला. “बाई, तो आवाज आयकला अन् दुकानापुढं माठ मांडून राहिलो. वाळा किती टाकू?”

शांताबाई माइककडे झुकल्या. “वाळ्याचं मंग पाहू गा भाऊ. आधी पेला मोठा ठेव.”